पटका कुणी बांधला?

फेटा बांधून घ्यायला बसलेला माणूस प्रश्न विचारत नाही. तो आरशात बघतो, मिशीवरून बोट फिरवतो, 'तुरा जरा मोठा काढा' म्हणतो, आणि फोन वाजला की मान वाकडी करून ऋचाच्या कामाचा पार विचका करतो. पण प्रश्न? कॉलेज संपल्यापासून ती लग्नालग्नांतून लोकांच्या डोक्यांना वेढे घालत हिंडत होती, आणि आजवर तिला कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

त्या दिवशी विट्याच्या मंगल कार्यालयात एकानं विचारला.

"फेटा म्हणजे काय हो?"

ऋचाचा हात हवेतच थांबला. "म्हणजे?"

"म्हणजे... शब्द. फेट्याला फेटाच का म्हणायचं? कुणी ठेवलं हे नाव?"

नवरदेवाचा मित्र आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. सावळा, उंच, खुर्चीत मावत नव्हता. कापडाचं एक टोक त्याला दातात धरायला दिलं होतं, ते या प्रश्नापायी त्यानं सोडून दिलं होतं आणि पहिले दोन्ही वेढे कानावर उतरले होते.

"टोक धरा आधी," ऋचा म्हणाली. "आणि मान सरळ ठेवा."

त्यानं निमूटपणे टोक दातात धरलं. मान सरळ केली. पण समोरच्या आरशातून त्याचे डोळे तिच्याकडेच लागले होते आणि डोळ्यांत तोच प्रश्न होता... शिवाय थोडं हसू. ऋचाचे कान तापले. साताऱ्यात फेटा म्हटलं की आपल्याच मुलीचं नाव निघतं असं तिच्या आईला वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. पण फेटा म्हणजे काय? हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला ठाऊक नाही याचाच तिला एवढा धक्का बसला की तुऱ्याची एक चुणी उलटी पडली.

"नाही ठाऊक," ती शेवटी म्हणाली.

तो टोक सोडून उडालाच. "काय सांगता! मदुराईला आमचं गलाईचं दुकान हाय, सोनं गाळायचं. उद्या गिऱ्हाइकानं इचारलं सोनं म्हणजे काय, आन् मी न्हाई ठाऊक म्हणालो, तर चुलता तापलेली मूस फेकून मारंल."

"मान!" ऋचा ओरडली आणि शेवटचा वेढा गरजेपेक्षा जरा जास्तच आवळला.

"आई गं..." तो कळवळला. मग उठला, आरशात डावीकडून उजवीकडून बघितलं आणि खरंच खूश झाला. "झ्याक बांधलाय. मी रविराज. आटपाडीच्या पलीकडं आमचं गाव. उत्तर हुडकून ठेवा, नंबर तुमच्या बॅनरवर हायेच."

असा माणूस दोन दिवसांत विसरायला हवा. ऋचा विसरली नाही. घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी वाचनालयात जाऊन तिथला जाडजूड शब्दकोश उघडून बसली. तिथंही धक्काच. मोठमोठ्या कोशकारांचं एकमत नव्हतं. कुणी काही म्हणे, कुणी काही. त्यातल्या त्यात पटणारं तिनं निवडलं आणि संध्याकाळी बॅनरवरच्या नंबरवर आलेल्या 'सापडलं का?' या निरोपाला उत्तर टाकलं: 'फेटा म्हणजे वेढा, फेरा. हिंदीत फेंटा कमरेलासुद्धा असतो. आपल्याकडे तो डोक्यावर चढला.'

लगेच उत्तर आलं: 'म्हणजे तुम्ही मला भर मांडवात वेढा घातला. आधी सांगायचं न्हाई का? तयारीनं आलो असतो.'

ऋचानं फोन उशीखाली कोंबला. आई खोलीत नाही हे दोनदा बघितलं आणि मग पुन्हा काढून वाचलं.

तेव्हापासून ते सुरूच झालं. तो मदुराईत भट्टीपुढे घाम पुसत बसलेला, ही साताऱ्यात कापडांना इस्त्री करत बसलेली, आणि मध्ये एकेक शब्द. मुंडासं म्हणजे काय? मुंड म्हणजे डोकं एवढं नक्की, पुढचं शेपूट कुठून लागलं ते कुणास ठाऊक. कानडीतही मुंडासुच म्हणतात. यावर त्याचं उत्तर: 'आमचा बिराप्पा चुलता जतकडचा. त्यो म्हणतो, मुंडासं आमचंच, तुमी पळवलंसा.' रुमाल म्हणजे काय? फारसीत रू म्हणजे चेहरा, माल म्हणजे पुसणारा. तोंड पुसायचं फडकं. 'तोंड पुसायचं? आमच्याकडची म्हातारी माणसं रुमाल म्हणून डोक्याला बांधत्यात त्येला. हे सांगितलं तर काठी घिऊन मागं लागतील.' कधी तो बोलून रेकॉर्ड केलेला निरोप धाडायचा, मागे तमिळमध्ये घासाघीस चाललेली असायची, आणि मधेच तो गिऱ्हाइकाला तमिळमध्ये झापून पुन्हा मराठीत 'हां, तर काय म्हणत हुतो...' असं सुरू करायचा. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

आणि मग आला पटका. ऋचानं लिहिलं: 'पट म्हणजे कापड. पटका म्हणजे कापडाचा पट्टा. जुन्या काळी कमरेला बांधत, पुढं डोक्याला.'

 त्याचं उत्तर आलं: 'एवढंच?'

'कोशात एवढंच आहे.'

'आमच्या घरात पटका लय मोठी गोष्ट हाय, ऋचा. त्यो कुणी बी कुणाला बांधत न्हाई.'

इथं तिनं 'म्हणजे कसं?' असं विचारलं असतं, तर पुढचं सगळं शहाण्या माणसांसारखं रीतसर झालं असतं. पण तिनं एक हसरा चेहरा पाठवला. त्यानंही पाठवला. झालं.

पाठोपाठ त्यानं आजोबांचा व्हिडिओ धाडला. तात्याबा, मेंढरांच्या वाड्यासमोर, सकाळच्या उन्हात तांबडा पटका बांधत होते. आरसा नाही, मापटेप नाही. हात आपापले फिरत होते, आणि कोल्हापुरी तुऱ्याबिऱ्याचा पत्ता नसलेला, जाड पिळाचा, एका अंगाला झुकलेला तो पटका डोक्यावर असा बसला की ऋचा बघतच राहिली. हे वळण तिला येत नव्हतं. येत नाही म्हटल्यावर तिला चैन पडेना. तिनं तांबडं कापड आणलं, आधी प्रेशर कुकरवर सराव केला, मग बाबांवर.

"माझं डोकं म्हणजे काय खुंटी आहे?" बाबा म्हणाले. बाबा म्हणजे हरी, पलटणीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सकाळी जास्वंदीला पाणी घालण्याचं कामही ते परेडसारखं करत.

"मान सरळ, बाबा."

"आयुष्यभर हेच ऐकलं," ते पुटपुटले. पण बसले.

मे महिन्यात रविराजच्या चुलतभावाचं लग्न निघालं आणि फेट्यांचं काम अर्थातच ऋचाला आलं. आटपाडीपुढे रस्ता बाभळींतून जाऊ लागला, वारा तोंडावर गरम फुंकर मारू लागला आणि तिनं पिशवीतलं सरावाचं कापड तिसऱ्यांदा चाचपलं. रविराज मांडवाच्या तोंडाशीच उभा होता. इतक्या दिवसांच्या बडबडीनंतर समोरासमोर एवढंच झालं:

"आलीस?"

"आले."

"पाणी...?"

"नको."

मग तो नवरदेवाला आणायला गाडी घेऊन गेला आणि ऋचानं सुटकेचा श्वास सोडला. लगेच तिला त्याची आठवणही यायला लागली, ते वेगळंच.

फेट्यांची रांग संपत आली होती. तात्याबा पहिल्या खुर्चीवर बसले होते, व्हिडिओतल्याच तांबड्या पटक्यात. "तात्या, तुम्हाला बांधू?" असं तिनं मगाशी विचारलं, तेव्हा ते मिशीत हसले होते. "मला? माझा मी बांधतो, बाय. कळतंय तवापासनं." आणि तेवढ्यात पंगतीतला वाढपी आमटीची बादली घेऊन कडेनं निघाला, त्याचा पाय सतरंजीत अडकला, आणि चांगली वाटीभर लालभडक आमटी तात्याबांच्या डोक्यावर सांडली.

सगळा मांडव गार पडला.  बायकांनी पदर तोंडाला लावले. तात्याबांनी शांतपणे पटका उतरवला, आणि पांढऱ्या केसांचं ते उघडं डोकं एवढ्या माणसांत बघून ऋचाला कसंतरीच झालं. ती धावली. पिशवीतून सरावाचं तांबडं कापड काढलं, खसकन झटकलं.

"तात्या, हा घ्या. नवा आहे. हा माझ्याकडून, माझ्या घरचा."

"तुज्या घरचा?" तात्याबांनी वर बघितलं.

"हो. बांधू?"

म्हाताऱ्यानं एकवार शेजारच्या सुलाबाईंकडे, आपल्या बायकोकडे बघितलं. सुलाबाईंचे डोळे एवढाले झाले होते. मग तात्याबांनी हळूच मान पुढे केली. "बांध."

ऋचानं बांधला. जाड पीळ, एका अंगाला झुकलेलं वळण, मागे सोडलेलं टोक, सगळं त्यांच्याच पद्धतीचं. ती कामात एवढी बुडाली होती की हलगी थांबली आहे आणि सारा मांडव आपल्याकडे बघतो आहे हे तिच्या लक्षातच आलं नाही. शेवटचं टोक खोचलं तशी हलगी एकदम कडाडली. कुणीतरी शिट्टी मारली. सुलाबाईंनी तिच्या तोंडात गूळ कोंबला, ओटीत नारळ घातला आणि दोन्ही हातांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. किती प्रेमळ माणसं ही, ऋचाला वाटलं. एका पटक्याचं केवढं कौतुक!

रविराज नवरदेवाला घेऊन परतला तेव्हा आजोबांकडे बघून दारातच खिळला. "पटका कुणी बांधला?" त्यानं विचारलं. सगळे नुसते हसत ऋचाकडे बघत होते. त्याचं तोंड उघडंच राहिलं. ऋचानं मांडवाच्या या टोकाहून त्याला अंगठा उंचावून दाखवला... कसा जमलाय? त्याच्या हातातला पुष्पगुच्छ खाली पडला.

संध्याकाळी परतीच्या गाडीत निरोप आला: 'ऋचा, खरंच?'

'खरंच म्हणजे काय! किती दिवस शिकत होते.'

तो लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी आलं: 'मला वाटलं हुतं मलाच आधी बोलावं लागंल.'

 आता एवढंही न कळायला ती काही लहान नव्हती. तिनं ओठ चावत लिहिलं: 'मग बोल की.'

'रविवारी येतो साताऱ्याला. समोरासमोर.'

रविवारी ऋचानं आकाशी कुर्ता घातला, तीनदा केस बांधले आणि आईला, अनसूयेला, शक्य तितक्या सहज आवाजात सांगितलं, "एक ओळखीचा येणार आहे गं. चहाला." आईनं कुर्त्याकडे बघितलं, केसांकडे बघितलं आणि चिवडा परतायला घेतला.

बाबा बनियनवर, हातात पाण्याचा पाइप, जास्वंदीपाशी. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली.

"कुणाची वरात?" बाबा म्हणाले.

वरात त्यांच्याच फाटकाशी थांबली. दोन जीपा आणि एक पिकअप. पिकअपमध्ये साखरेचं पोतं, नारळ, आणि नटूनथटून उभी राहिलेली पाच-पंचवीस माणसं. पुढच्या जीपमधून तात्याबा उतरले, डोक्यावर ऋचानं बांधलेला तांबडा पटका. त्यांनी बाबांना बघितलं, दोन्ही हात पसरले आणि "व्याही!" असं म्हणून ओल्या बनियनसकट त्यांना घट्ट मिठी मारली. सुभेदारांनी आयुष्यात बरंच काही पाहिलं होतं, पण हे नव्हतं. ते "कोण...? कुणाचे...?" एवढंच म्हणू शकले, कारण सुलाबाईंनी त्यांच्या उघड्या तोंडात मूठभर साखर भरली.

दारात उभ्या ऋचाच्या हातातून चिवड्याची बशी सुटली. मागच्या जीपमधून रविराज उतरत होता. नवा कोरा सदरा, भांग पाडलेला, लाजून लाल झालेला. तो तिच्याकडे बघून हसला आणि तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

बैठकीच्या खोलीत जेवढी मावली तेवढी माणसं बसली. बाकीची खिडकीत. बाहेर पाइप तसाच वाहत होता. जतकडच्या बिराप्पानं घसा साफ केला आणि आनंदानं सगळं उलगडून सांगितलं. आमी मेंढरंवाली माणसं, पोरगा मदुराईला सोनं गाळतो, आन् आमच्या घरची एक रीत हाय. पोरीच्या घरचा पटका पोराच्या आज्यानं चार माणसांत डोक्यावर घेतला, की सोयरीक पक्की. मागनं बोलणी न्हाईत, बैठका न्हाईत. "पोरीचा बाप बांधतो तसा. पर हितं पोरीनं सोताच बांधला. पोराचं आन् हिचं फोनवर चाललेलं घरात ठाऊकच हुतं. आमाला वाटलं, शेरातली हाय, असंल तिकडं तसं."

आता सगळ्यांची नजर तात्याबांच्या डोक्यावर होती. आणि मग हळूहळू ऋचावर आली.

 गूळ, नारळ, मोडलेली बोटं, खाली पडलेला पुष्पगुच्छ, सगळं एका झपाट्यात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. "मला... मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आमटी सांडली होती. त्यांचं डोकं उघडं होतं. मी आपलं..."



"ठाऊक नव्हतं?" रविराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुला? तुला तर सगळ्या शब्दांचं ठाऊक असतं. मी लिवलं हुतं तुला, त्यो कुणी बी कुणाला बांधत न्हाई म्हणून. मला वाटलं तू... म्हणूनच..."

"कापडाचा पट्टा, रवी. कोशात एवढंच लिहिलं होतं."

सुभेदारांनी साखर गिळली. त्यांचा आवाज परतला आणि तो परेडचाच होता. "म्हणजे हा गैरसमज आहे. ठीक. माणसाकडून होतो. आपण लांबून आलात, चहा घ्या. पण आमच्यात मुलीचं लग्न असं ठरत नाही. आधी विचारतात. आपली जात वेगळी, गाव वेगळं, मुलगा मदुराईला. मला एकच लेक आहे."

त्यांचं काही चुकीचं होतं असं कुणालाच म्हणता आलं नसतं. रविराज उठून उभा राहिला. हात जोडले. "चूक माजी हाय, काका. मी तोंडानं इचारायला पायजे हुतं. लिवण्यात अडीकलो. घरच्यांचा दोष न्हाई." त्यानं ऋचाकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं त्याच्यानं. "तात्या, उठा. जाऊ या."

तात्याबा उठले नाहीत.

"जाऊ या कसं?" ते शांतपणे म्हणाले. "ह्यो असाच डोक्यावर घिऊन? न्हाई रं गड्या. जो आपला न्हाई त्यो पटका घिऊन मी गावात शिरायचो न्हाई." मग त्यांनी ऋचाला हाक मारली. "हितं ये, पोरी. भिऊ नगंस. तुजं कायबी चुकलं न्हाई. उघड्या डोक्याचा म्हातारा दिसला, तू झाकलंस. पर ह्यो मी माझ्या हातानं सोडायचो न्हाई. तू बांधलायस, तूच सोड. सोडलास तरी राग न्हाई. गावाला मी सांगंन, म्हाताऱ्यालाच लय घाई झालती."

आणि त्यांनी तिच्यापुढे मान वाकवली.

ऋचा त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिली. पटका जवळून बघितला. गाठ तीच होती. पीळ तोच. तिनं त्या दिवशी घाईत एक वेढा जरा तिरका घातला होता, तोसुद्धा तसाच. त्यात माळरानाची धूळ बसली होती, एक वाळकं लिंबाचं पान अडकलं होतं.

"त्या दिसापासनं सोडला न्हाई त्येनी," सुलाबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता. "रातीला अलगद उतरून उशाला ठिवत्यात, सकाळी तसाच डोक्यावर. मला बी हात लावू देत न्हाईत. म्हणत्यात, नातसुनंनं बांधलाय."

ऋचानं बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आमच्या तोंडाकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "बांधताना विचारलं होतंस?"

एक टोक ओढायचं, बस. सगळे वेढे आपोआप उतरले असते. जीपा निघून गेल्या असत्या, गल्लीतल्या बायकांनी चार दिवस विषय चघळला असता, आणि ती पुन्हा कापडांना इस्त्री करत बसली असती. पण मग 'हां, तर काय म्हणत हुतो...' असं कुणी म्हणणार नव्हतं. ऋचाला भीती वाटत होती. मदुराईची, त्या लांबच्या माळाची, बाबांच्या न बोलण्याची. आणि या सगळ्या भीतीच्या वर, अगदी स्पष्ट, तिला हेही कळत होतं की खाली मान घालून दाराशी उभ्या असलेल्या त्या लांबलचक माणसावर तिचं प्रेम आहे. फेट्याचं टोक तोंडातून सोडून त्यानं तो बावळट प्रश्न विचारला, तेव्हापासूनच असावं.

तिनं हात पुढे केले.  रविराजनं डोळे मिटले.

मागचं टोक जीपच्या धक्क्यांनी सुटत आलं होतं. वरचा वेढाही ढिला पडला होता. ऋचानं ते टोक हातात घेतलं, वाळकं पान काढून टाकलं... आणि वेढा आवळला. पीळ घट्ट केला. टोक फिरवून पुन्हा आत खोचलं.

"मान सरळ ठेवा, तात्या," ती म्हणाली.  "नीट बसला नव्हता तो."

 तात्याबांनी मान वर केली, डोक्याला हात लावून बघितला, पुन्हा चाचपला. सुलाबाईंनी पदर तोंडात कोंबला. बिराप्पा आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होता. "म्हंजी? सोडला का बांधला?"

"ढिला झाला होता?" सुभेदारांनी विचारलं. ते अजून खिडकीकडेच तोंड करून होते.

"हो, बाबा."

ते वळले आणि म्हाताऱ्याच्या डोक्यावरचा पटका त्यांनी एकवार निरखला. मग त्यांनी घसा खाकरला. "मग नीट आवळ. अर्धवट काम मला आवडत नाही."

हलगीवाला खिडकीतच उभा होता. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही.

त्या गोंधळात, साखर वाटली जात असताना, आई चहाचं आधण पुन्हा पुन्हा वाढवत असताना, ऋचा बाहेर आली. जास्वंदीभोवती तळं साचलं होतं. रविराज वाकून नळ बंद करत होता. नव्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या.

"तुझ्या बाबांचं पाणी वाया चाललं हुतं," तो उगीचच म्हणाला.

"बरं केलंस."

"ऋचा... आत माजं डोळं मिटलेलं हुतं. मला अजून खरं वाटंना." तो तिच्याकडे बघत होता, विट्याच्या आरशातल्यासारखाच, फक्त आता डोळ्यांत हसू नव्हतं, पाणी होतं. "आन् मी तर बोललोच न्हाई अजून. बोलायलाच आलतो."

"मग बोल."

"लय आवडतीस तू मला," तो एका दमात म्हणाला. "पैल्या दिवसापासनं. त्यो प्रश्न बी खोटाच हुता. तू बोलावंस म्हणून इचारला."

ऋचाला हसू आलं आणि रडूही. आतून बाबांचा आवाज आला, तक्रारीचा, पण फारसा खरा नसलेला. तात्याबांनी व्याह्यासाठी आणलेला पटका काढला होता, आणि ते सुभेदारांना मान सरळ ठेवायला सांगत होते.

"त्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं," रविराज हळूच म्हणाला. "आमटी सांडली म्हणून बांधलास. आन् आज?"

ऋचानं त्याची भिजलेली बाही धरली आणि पिळून काढली.

"आज ठाऊक होतं," ती म्हणाली.